धडा १७ : अ‍ॅम्प्लिफायरसाठी वेगळी लाईन

पातळी ४ | विषय : घर आणि विज्ञान

या धड्यात आपण अमेरिकेतल्या घरात मोठ्या अ‍ॅम्प्लिफायरसाठी २४० व्होल्टची वेगळी लाईन कशी ओढतात ते वाचणार आहोत. सोबत विजेबद्दलचे बोलीतले आणि पुस्तकातले मराठी शब्द शिकू. शेवटी थोडं गणितही आहे. घाबरू नका, फक्त गुणाकार आणि भागाकार आहे!

वाचण्यापूर्वी

१. तुमच्या घरातलं विजेचं पॅनल कुठे आहे? गॅरेजमध्ये, तळघरात की कपाटामागे?
२. मायक्रोवेव्ह आणि टोस्टर एकदम लावल्यावर स्वयंपाकघरातली वीज कधी गेली आहे का? मग घरातल्या मोठ्यांनी काय केलं?
३. तुमच्या आजीआजोबांच्या घरी भारतात प्लग कसा दिसतो? त्याला किती पिना असतात?

भाग १ : घरात वीज कशी येते?

मराठीत आपण ‘लाईट गेले’ म्हणतो. खरं म्हणजे दिवे कुठेच जात नाहीत, वीज जाते. बोलताना ‘लाईट’ म्हणजे वीज, ‘करंट’ म्हणजे विद्युतप्रवाह आणि ‘लाईन’ म्हणजे विजेची तार किंवा परिपथ. हे शब्द पुढे पुन्हा पुन्हा येतील.

वीज समजून घ्यायला पाण्याच्या टाकीची कल्पना करा. टाकी जितकी उंच, तितका नळाच्या पाण्याला जोर जास्त. विजेच्या या जोराला ‘विद्युतदाब’ म्हणतात. तो व्होल्टमध्ये मोजतात. नळातून दर सेकंदाला किती पाणी वाहतं, तसा तारेतून किती ‘विद्युतप्रवाह’ वाहतो ते अँपिअरमध्ये मोजतात. दाब आणि प्रवाह यांचा गुणाकार केला, की ‘शक्ती’ मिळते. ती वॅटमध्ये मोजतात.

दाब × प्रवाह = शक्ती

भारतात घरी येणारा विद्युतदाब २३० व्होल्ट असतो. ब्रिटन, संयुक्त अरब अमिराती, मॉरिशस आणि इस्राएल इथेही तो साधारण तेवढाच असतो. अमेरिकेत मात्र भिंतीवरच्या साध्या सॉकेटमध्ये १२० व्होल्ट असतात. म्हणून भारतातून आणलेला मिक्सर अमेरिकेत थेट लावला, तर तो नुसता कण्हतो आणि चटणी काही वाटली जात नाही.

पण अमेरिकेतल्या घरात २४० व्होल्टसुद्धा असतात! घराबाहेरच्या ट्रान्सफॉर्मरमधून घरात तीन तारा येतात. दोन वीजयुक्त आणि एक तटस्थ. तटस्थ तार ट्रान्सफॉर्मरच्या वेटोळ्याच्या बरोबर मध्यातून निघते, तर वीजयुक्त तारा त्याच्या दोन टोकांपासून. कोणत्याही एका टोकापासून मध्यापर्यंत १२० व्होल्ट मिळतात. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत मोजलं, तर १२० अधिक १२०, म्हणजे २४० व्होल्ट. कपडे वाळवायचं यंत्र आणि विजेवरची मोठी शेगडी याच २४० व्होल्टवर चालतात.

तीन तारांची ही कल्पना जुनी आहे. थॉमस एडिसनने १८८२ मध्ये न्यूयॉर्कच्या पर्ल स्ट्रीटवर वीजकेंद्र सुरू केलं. पुढच्याच वर्षी, १८८३ मध्ये, पेनसिल्व्हेनियातल्या सनबरी गावात त्याने तीन तारांची पद्धत वापरली. त्यामुळे तारांसाठी तांबं पुष्कळ कमी लागलं. एडिसनची वीज एकदिश होती आणि आज आपल्या घरात प्रत्यावर्ती वीज येते. तीन तारांची युक्ती मात्र टिकून राहिली.

भाग २ : वेगळी लाईन म्हणजे काय?

घरातल्या एका ब्रेकरवर सहसा अनेक सॉकेट आणि दिवे असतात. दिवाणखान्यातला टीव्ही, कोपऱ्यातला दिवा आणि शेजारच्या खोलीतला व्हॅक्यूम क्लीनर, सगळं एकाच लाईनवर असू शकतं. ‘वेगळी लाईन’ म्हणजे पॅनलमधल्या एका ब्रेकरपासून निघून एकाच सॉकेटपर्यंत जाणारी लाईन. तिच्यावर दुसरं काहीही लावायचं नाही.

अ‍ॅम्प्लिफायरला अशी लाईन खरंच लागते का? बहुतेक घरांत लागत नाही, हे आधीच सांगायला हवं. आपण रोज ज्या आवाजात गाणी ऐकतो, त्यासाठी स्पीकरला थोडेच वॅट पुरतात. साधा अ‍ॅम्प्लिफायर नेहमीच्या सॉकेटवर आनंदाने चालतो. वेगळी लाईन ओढल्यावर लताबाईंचा आवाज आणखी गोड होईल, असं कुणी म्हणालं तर हसून सोडून द्या.

पण तीन वेळा असा प्रश्न खरोखर येतो.

पहिली वेळ : अ‍ॅम्प्लिफायर फारच मोठा असतो. काही अ‍ॅम्प्लिफायर ‘क्लास ए’ प्रकारचे असतात. गाणं मोठ्याने चालू असो की थांबलेलं असो, ते सतत भरपूर वीज घेतात आणि त्यातली बरीचशी उष्णतेत घालवतात. शिवाय मोठा ट्रान्सफॉर्मर असलेला अ‍ॅम्प्लिफायर चालू करताच क्षणभर खूप प्रवाह ओढतो. त्याच लाईनवर आधीच बरंच काही चालू असेल, तर ब्रेकर पडू शकतो.

दुसरी वेळ : बनवणाऱ्या कंपनीनेच सूचनापुस्तकात वेगळी लाईन सांगितलेली असते.

तिसरी वेळ : अ‍ॅम्प्लिफायर भारतातून आलेला असतो आणि तो फक्त २३० व्होल्टवर चालतो. परदेशातल्या मराठी घरांत ही वेळ बऱ्याचदा येते. दाब वाढवणारा ट्रान्सफॉर्मर वापरून काम भागतं, पण तो जड असतो, कधी गुणगुणतो आणि अ‍ॅम्प्लिफायरला पुरेल एवढा मोठा घ्यावा लागतो. २४० व्होल्टची लाईन असेल, तर त्याची गरज पडत नाही. २३० आणि २४० यांतला फरक साधारण ४ टक्के आहे आणि चांगली उपकरणं तेवढा फरक सोसतात. भारतात विजेची वारंवारता ५० हर्ट्झ आहे, अमेरिकेत ६० हर्ट्झ. ५० हर्ट्झसाठी बनवलेला ट्रान्सफॉर्मर ६० हर्ट्झवर व्यवस्थित चालतो. उलट, फक्त ६० हर्ट्झसाठी बनवलेला ट्रान्सफॉर्मर भारतात नेला तर तापू शकतो.

एक महत्त्वाची सूचना : लाईन ओढण्याआधी अ‍ॅम्प्लिफायरच्या मागची पट्टी वाचा. तिथे फक्त ‘१२० व्होल्ट’ लिहिलं असेल, तर तो २४० व्होल्टवर लावायचा नाही. लावला तर तो जळेल. काही अ‍ॅम्प्लिफायर दोन्हींवर चालतात, पण त्यासाठी आतली जोडणी आणि फ्यूज बदलावा लागतो. ते काम जाणकाराचं आहे.

भाग ३ : दाब दुप्पट, प्रवाह निम्मा

आता थोडं गणित. समजा, एक अ‍ॅम्प्लिफायर १२०० वॅट घेतो.

१२० व्होल्टवर : १२०० ÷ १२० = १० अँपिअर
२४० व्होल्टवर : १२०० ÷ २४० = ५ अँपिअर

दाब दुप्पट झाला की तेवढ्याच कामाला प्रवाह निम्मा लागतो. याचा फायदा तारेत दिसतो. तांब्याची तार कितीही चांगली असली, तरी ती विजेला थोडी अडवतेच. या अडवण्याला ‘रोध’ म्हणतात आणि तो ओहममध्ये मोजतात. अमेरिकेत २० अँपिअरच्या लाईनसाठी १२ गेजची तांब्याची तार वापरतात. पॅनलपासून सॉकेट ५० फुटांवर असेल, तर वीज ५० फूट जाते आणि ५० फूट परत येते. या १०० फूट तारेचा रोध साधारण ०.१६ ओहम असतो.

१० अँपिअर प्रवाह असेल, तर तारेत १० × ०.१६ = १.६ व्होल्ट कमी होतात.
५ अँपिअर असेल, तर ५ × ०.१६ = ०.८ व्होल्ट.

तारेत उष्णता किती तयार होते? त्यासाठी प्रवाहाला प्रवाहाने गुणायचं आणि मग रोधाने.

१० × १० × ०.१६ = १६ वॅट
५ × ५ × ०.१६ = ४ वॅट

प्रवाह निम्मा झाला, पण उष्णता निम्मी न होता पाव झाली! म्हणूनच गावोगावी वीज नेणाऱ्या उंच मनोऱ्यांवरच्या तारांत दाब हजारो व्होल्ट ठेवतात.

गेजचा आकडा उलटा चालतो, हेही लक्षात ठेवा. आकडा लहान, तर तार जाड. १५ अँपिअरच्या ब्रेकरला निदान १४ गेज, २० ला १२ गेज आणि ३० ला १० गेजची तांब्याची तार लागते. बारीक तारेवर मोठा ब्रेकर कधीच लावायचा नाही. ब्रेकर हा तारेचा राखणदार आहे. तोच झोपला, तर तार भिंतीच्या आत तापत राहते आणि आग लागेपर्यंत कुणाला पत्ता लागत नाही.

भाग ४ : काम कसं होतं?

हे काम परवानाधारक इलेक्ट्रिशियनचं आहे. आपण ते करायचं नाही, पण काय चाललं आहे ते आपल्याला समजलं पाहिजे. त्यासाठी त्याच्या पायऱ्या वाचा.

१. परवानगी. अमेरिकेत बहुतेक ठिकाणी नवीन लाईन ओढायला नगरपालिकेची किंवा काउंटीची परवानगी लागते. देशभरात ‘नॅशनल इलेक्ट्रिकल कोड’ नावाची नियमावली आधाराला घेतात. तिची पहिली आवृत्ती १८९७ मध्ये निघाली. आता दर तीन वर्षांनी ती सुधारली जाते.

२. वीज बंद करणे. इलेक्ट्रिशियन मेन ब्रेकर बंद करतो. तरीही पॅनलमध्ये बाहेरून येणाऱ्या जाड तारा जिवंतच असतात! मेन बंद केला म्हणजे सगळं बंद झालं, असं समजणं जिवावर बेतू शकतं. इलेक्ट्रिशियन आधी मीटर चालू सॉकेटवर तपासतो, मग बंद तारेवर लावतो आणि मग पुन्हा चालू सॉकेटवर लावून बघतो. मीटरच बिघडलेला नाही ना, याची अशी खात्री होते.

३. ब्रेकर. २४० व्होल्टच्या लाईनला दुहेरी ब्रेकर लागतो. तो पॅनलमध्ये दोन जागा घेतो. त्यामुळे दोन्ही वीजयुक्त तारा एकाच वेळी बंद होतात.

४. केबल. केबलमध्ये एक काळी तार, एक पांढरी तार आणि एक उघडी तांब्याची तार असते. उघडी तार भूसंपर्काची, म्हणजेच अर्थिंगची. पांढरी तार एरवी तटस्थ असते. पण २४० व्होल्टच्या लाईनला तटस्थ तारेची गरज नसते, म्हणून इथे तीही वीजयुक्त होते. पुढे कुणाची फसगत होऊ नये म्हणून तिच्या दोन्ही टोकांना काळी किंवा लाल पट्टी गुंडाळतात.

५. भिंतीतून नेणे. केबल लाकडी खांबांना भोकं पाडून नेतात. भोक खांबाच्या कडेपासून सव्वा इंचापेक्षा जवळ असेल, तर तिथे पोलादी पट्टी ठोकतात. नाहीतर उद्या कुणी तसबीर लावायला खिळा ठोकायचा आणि तो थेट केबलमध्ये जायचा! केबल दर साडेचार फुटांच्या आत अडकवून घट्ट करतात.

६. सॉकेट. २४० व्होल्टच्या सॉकेटचा आकार मुद्दाम वेगळा असतो. १२० व्होल्टचा प्लग त्यात जातच नाही. एवढ्या एका युक्तीने कितीतरी उपकरणं वाचतात.

७. तपासणी. भिंत बंद करण्यापूर्वी निरीक्षक येऊन काम बघतो. सगळं जोडून झाल्यावर मीटर लावतात. दोन वीजयुक्त तारांमध्ये २४० व्होल्ट आणि प्रत्येक वीजयुक्त तार व अर्थिंग यांच्यामध्ये १२० व्होल्ट दिसले, तर जोडणी बरोबर आहे.

भाग ५ : संवाद – ‘दोन्हीकडे फेज?’

*(पुण्याहून आलेले आजोबा आणि अमेरिकेत दहावीत शिकणारी त्यांची नात. आजोबांचा जुना २३० व्होल्टचा अ‍ॅम्प्लिफायर घरी आणला आहे. इलेक्ट्रिशियनने नवीन लाईन ओढून दिली आहे आणि अ‍ॅम्प्लिफायरचा प्लगही बदलून दिला आहे.)*

आजोबा : अगं, माझा टेस्टर आण बघू. जरा सॉकेट तपासतो.

नात : आजोबा, तुम्ही पुण्याहून टेस्टरसुद्धा आणलात?

आजोबा : टेस्टर आणि अडकित्ता, या दोन वस्तू माझ्या बॅगेत कायम असतात. हे बघ, या भोकात लावला, दिवा लागला. हा फेज. आता दुसरीकडे न्यूट्रल. अरेच्चा! इथेही दिवा लागला? जोडणी चुकली वाटतं!

नात : नाही हो, आजोबा. इथे दोन्हीकडे फेज असतो.

आजोबा : दोन्हीकडे फेज? मग न्यूट्रल कुठे गेला?

नात : या लाईनला न्यूट्रल नसतोच. एका फेजपासून दुसऱ्या फेजपर्यंत २४० व्होल्ट होतात.

आजोबा : असं होय! चाळीस वर्षं घरातले फ्यूज मीच बदलले, पण हे काही बघितलं नव्हतं.

नात : आणखी एक गोष्ट, आजोबा. तुमच्या अ‍ॅम्प्लिफायरचं बटण दोनपैकी एकच तार बंद करत असेल, तर बटण बंद केल्यावरही दुसऱ्या तारेतून आत करंट असणार. म्हणून झाकण उघडायचं असेल, तर आधी प्लग काढायचा.

आजोबा : बरोबर. भारतात दुसरी तार न्यूट्रल असते, म्हणून माणूस निर्धास्त राहतो. तिथेही प्लग काढायलाच हवा म्हणा. चल, आता गाणं लाव.

*(गाणं सुरू होतं. पण मागे ‘हूंऽऽऽ’ असा आवाज येतो.)*

नात : हा काय आवाज?

आजोबा : तंबोरा नाही हे नक्की! हमिंग आहे ते. यावर एक सोपा उपाय आहे. आमच्याकडे काही लोक प्लगची अर्थिंगची पिन काढून टाकायचे. आवाज गायब! आण पक्कड.

नात : थांबा, थांबा! पिन काढू नका, आजोबा.

आजोबा : का गं? गाणं तर तरीही वाजतं.

नात : वाजतं, पण समजा एखाद्या दिवशी आतली फेजची तार सुटली आणि लोखंडी पेटीला लागली, तर? अर्थिंग असेल, तर सगळा करंट त्या तारेतून पॅनलकडे परत जातो. तारेचा रोध अगदी कमी, ०.१६ ओहम. १२० भागिले ०.१६ किती?

आजोबा : साडेसातशे!

नात : प्रत्यक्षात थोडे कमी होतील, पण शेकडो अँपिअर नक्की. २० अँपिअरचा ब्रेकर लगेच पडणार. आणि अर्थिंगच नसेल, तर ब्रेकर पडणार नाही. पेटीत करंट तसाच राहील. मग जो कुणी तिला हात लावेल...

आजोबा : त्याच्या अंगातून तो जाईल. खरंय गं. आपला छोटू तर दिवसभर त्या बटणांशी खेळत असतो. ठेव ती पक्कड परत. मग अंगणात लोखंडी सळई ठोकून अ‍ॅम्प्लिफायरला तिचं वेगळं अर्थिंग दिलं तर?

नात : तेही नाही चालणार. माती विजेला खूप अडवते. सळईचा रोध २५ ओहम धरा. १२० भागिले २५ किती?

आजोबा : चार पूर्णांक आठ. म्हणजे पाच अँपिअरसुद्धा नाहीत!

नात : हो ना! २० चा ब्रेकर ढिम्म हलणार नाही. म्हणून अर्थिंगची तार पॅनलपर्यंत गेलीच पाहिजे.

आजोबा : मग या ‘हूं’चं करायचं काय?

नात : आपण सीडी प्लेअर समोरच्या भिंतीवरच्या जुन्या लाईनवर लावला आहे. दोन लाईनींच्या अर्थिंगमध्ये अगदी थोडा फरक असतो. तो फरक गाण्याच्या केबलमधून वाहतो आणि आवाज येतो. इलेक्ट्रिशियनने अ‍ॅम्प्लिफायरच्या शेजारीच १२० व्होल्टचं दुसरं सॉकेट दिलं आहे. दोन्ही केबल पॅनलपासून बरोबरच आणल्या आहेत. सीडी प्लेअर तिथे लावून बघू या.

*(प्लेअर नव्या सॉकेटवर लावतात. ‘हूं’ जवळजवळ बंद होतो.)*

आजोबा : शाब्बास! आता तू माझी इलेक्ट्रिशियन. उद्या तुला तो टेस्टर देऊन टाकतो.

नात : आणि अडकित्ता?

आजोबा : तो तुझ्या आजीला विचारून.

लक्षात ठेवा : रंग फसवतात

देश बदलला की तारांचे रंगही बदलतात. भारतातल्या जुन्या जोडणीत लाल तार फेजची, काळी न्यूट्रलची आणि हिरवी अर्थिंगची असते. अमेरिकेत काळी आणि लाल या दोन्ही वीजयुक्त असतात, पांढरी तटस्थ असते आणि हिरवी किंवा उघडी तार अर्थिंगची असते. म्हणजे भारतातली ‘निरुपद्रवी’ काळी तार अमेरिकेत शॉक देणारी तार होते! ब्रिटनमध्ये आता तपकिरी तार फेजची, निळी न्यूट्रलची आणि हिरवी-पिवळी अर्थिंगची असते. म्हणून रंगावर विसंबू नका. मीटरने मोजल्याशिवाय कोणतीही तार बंद आहे असं मानू नका.

शब्दार्थ

वीजयुक्त तार – जिच्यात दाब असतो ती तार. बोलीत ‘फेज’ किंवा ‘लाईव्ह’
तटस्थ तार – विजेचा परतीचा मार्ग, बोलीत ‘न्यूट्रल’
भूसंपर्क तार – धोक्याच्या वेळी वीज सुरक्षितपणे परत नेणारी तार, बोलीत ‘अर्थिंग’
परिपथ – वीज फिरून परत येते तो पूर्ण मार्ग
रोध – अडवण्याचा गुण
वितळतार – प्रवाह जास्त झाला की वितळून परिपथ तोडणारी तार, बोलीत ‘फ्यूज’
वारंवारता – एका सेकंदात किती वेळा, ते
प्रत्यावर्ती – पुन्हा पुन्हा दिशा बदलणारा
कण्हणे – दुखत असल्यावर हळू आवाज काढणे
फसगत होणे – फसणे
निर्धास्त – काळजी नसलेला
पक्कड – तार धरण्याचं किंवा तोडण्याचं हत्यार
अडकित्ता – सुपारी कातरण्याचं साधन
ढिम्म न हलणे – जराही न हलणे
जिवावर बेतणे – जीव जाण्याची वेळ येणे

भाषेकडे लक्ष द्या

१. ‘पडणे’ आणि ‘उडणे’. मराठीत ब्रेकर ‘पडतो’, फ्यूज ‘उडतो’, लाईट ‘जातात’ आणि ‘येतात’, दिवा ‘लागतो’ आणि शॉकही ‘लागतो’ किंवा ‘बसतो’. ही क्रियापदं जोडीनेच पाठ करा. ‘मला शॉक मिळाला’ असं मराठीत म्हणत नाहीत. ‘मला शॉक लागला’ असं म्हणतात.

२. काम कुणी केलं ते न सांगता. भाग ४ मधली वाक्यं बघा : ‘पट्टी गुंडाळतात’, ‘केबल नेतात’, ‘मीटर लावतात’. कर्ता दिलेला नाही. रीत किंवा कृती सांगताना मराठीत अनेकवचनी क्रियापद असं वापरतात. पाककृतीतही असंच असतं : ‘आधी फोडणी करतात, मग पोहे घालतात.’

३. नको, नाही, नये.
‘पिन काढू नका.’ (समोरच्याला थेट सांगणं)
‘प्लग लावायचा नाही.’ (नियम)
‘फसगत होऊ नये म्हणून...’ (असं न होवो, हा हेतू)

४. लिहिताना आणि बोलताना. औपचारिक लेखनात ‘केले’, ‘झाले’, ‘पाहिजे आहे’ असं लिहितात. बोलताना ‘केलं’, ‘झालं’, ‘हवंय’ म्हणतात. आजोबा ‘खरंय’ म्हणतात, म्हणजे ‘खरे आहे’.

स्वाध्याय

अ. एका वाक्यात उत्तरं लिहा.
१. वेगळी लाईन म्हणजे काय?
२. २४० व्होल्टच्या लाईनला दुहेरी ब्रेकर का लागतो?
३. आजोबांच्या टेस्टरचा दिवा दोन्हीकडे का लागला?
४. पांढऱ्या तारेला काळी पट्टी का गुंडाळतात?

आ. चूक की बरोबर? चूक असेल तर वाक्य दुरुस्त करून लिहा.
१. मेन ब्रेकर बंद केला की पॅनलमधल्या सगळ्या तारा बंद होतात.
२. १० गेजची तार १४ गेजच्या तारेपेक्षा जाड असते.
३. वेगळी लाईन प्रत्येक अ‍ॅम्प्लिफायरला लागतेच.

इ. गणित करा.
१. एक अ‍ॅम्प्लिफायर ९६० वॅट घेतो. १२० व्होल्टवर किती प्रवाह लागेल? २४० व्होल्टवर किती?
२. तारेचा रोध ०.१६ ओहम असेल, तर दोन्ही वेळा तारेत किती वॅट उष्णता तयार होईल?
३. दुसरी उष्णता पहिलीच्या कितवा भाग आहे?

ई. रिकाम्या जागी योग्य क्रियापद लिहा. (पडला, उडाला, गेले, लागला)
१. वादळ आलं आणि सगळ्या गल्लीतले लाईट ______.
२. हीटर आणि इस्त्री एकदम लावली, म्हणून ब्रेकर ______.
३. ओल्या हाताने बटण दाबलं आणि मला शॉक ______.
४. आजीच्या जुन्या घरातला फ्यूज ______.

उ. संवाद लिहा. तुमचा मित्र म्हणतो, ‘तीन पिनांचा प्लग बसत नाही, म्हणून एक पिन तोडून टाकतो.’ त्याला कसं थांबवाल? आठ ते दहा वाक्यांत लिहा. निदान दोनदा ‘नको’ किंवा ‘नका’ वापरा.

ऊ. घरी करून बघा. घरातल्या मोठ्या माणसासोबत पॅनलचं बाहेरचं दार उघडा. आतलं धातूचं झाकण काढायचं नाही आणि कशालाही हात लावायचा नाही. ब्रेकरवरचे आकडे वाचा आणि कोणता ब्रेकर कोणत्या खोलीचा आहे, त्याची मराठीत यादी करा. दुहेरी ब्रेकर दिसले, तर ते कशासाठी आहेत ते घरच्यांना विचारा. ही यादी पुढच्या तासाला वर्गात वाचून दाखवायची आहे.

उत्तरं (फक्त ‘इ’ची) : १. ८ अँपिअर आणि ४ अँपिअर. २. ८ × ८ × ०.१६ = १०.२४ वॅट आणि ४ × ४ × ०.१६ = २.५६ वॅट. ३. चौथा भाग, म्हणजे पाव.